हवेची घासणी : काम आणि काळजी



आज आपण एका हत्याराविषयी बोलू. हे हत्यार शेतातले नाही. पण आपल्या गावची पुष्कळ तरुण मंडळी आज ते हातात धरून पोट भरतात.

धुळे कसे वसले आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जातो. सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ताही धुळ्यावरूनच जातो. तोच पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा निघतो. या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक धावतात. ट्रक धावले की ठोकर लागते, पत्रा चेपतो, रंग उडतो. म्हणून रस्त्याच्या कडेला डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजे उभी राहिली. शिवाय दरवाजे, पलंग, कपाटे करणारे सुतार आहेत. घराघरांत ग्रॅनाइटचा ओटा बसवणारे कारागीर आहेत. या सगळ्यांच्या कामात एक गोष्ट सारखी. जिन्नस घासून गुळगुळीत करायचा.

पूर्वी हे काम हातानेच चाले. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि घासत बसायचे. आता हवेवर चालणारे सँडर आले आहे. आपण त्याला हवेची घासणी म्हणू. तासाचे काम ती मिनिटांत करते. हे चांगलेच झाले. यंत्राला नावे ठेवायला आम्ही इथे उभे नाही. पण ज्या हवेवर ही घासणी चालते ती हवा, आणि जी धूळ ती उडवते ती धूळ, दोन्ही माणसाचा जीव घेऊ शकतात. ते कसे, आणि त्यावर उपाय काय, एवढेच आज सांगायचे आहे.

१. घासणी चालते कशी?

कॉम्प्रेसर तुम्ही पाहिला असेल. त्याचा पंप बाहेरची हवा ओढतो आणि लोखंडी टाकीत दाबून भरतो. टाकीतून ती नळीवाटे घासणीत येते. घासणीच्या पोटात एक लहान फिरकी असते. फिरकीला खाचा असतात. खाचांत पातळ पाती बसवलेली असतात. हवा त्या पात्यांना ढकलते आणि फिरकी फिरते. पाणचक्की पाण्याने फिरते, ही हवेने फिरते. एवढाच फरक.

फिरकीला खाली एक गोल रबरी तबकडी जोडलेली असते. ती बहुधा ५ किंवा ६ इंचांची असते. तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवतात. ही तबकडी मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेते. आणि ती नुसती फिरत नाही, फिरता फिरता डुलतेही. म्हणून कामावर गोल ओरखडे उमटत नाहीत.

हिच्यात एक मोठा गुण आहे. हातात विजेची तार नसते. पाणी मारून घासताना हातातल्या हत्यारातून शॉक बसण्याची भीती नसते. पण याच गुणामुळे माणूस निर्धास्त होतो. "वीज नाही, मग धोका कसला?" असे त्याला वाटते. धोका आहे, बरं का. तो दिसत नाही, इतकेच.

२. टाकीवरचा आकडा वाचा

हवेचा दाब आपण पौंडात बोलतो. मोटारीच्या चाकात ३० ते ३५ पौंड हवा भरतात. ट्रकच्या चाकात १०० पौंडांच्या आसपास किंवा वर भरतात. हवेच्या घासणीला बहुधा ९० पौंड लागतात. ९० पौंड म्हणजे काय? एक इंच लांब आणि एक इंच रुंद एवढ्या जागेवर जवळजवळ ४१ किलोंचे ओझे. आणि असे ओझे टाकीच्या आतल्या प्रत्येक इंचावर असते. टाकी मोठी असली तर सगळे मिळून किती झाले, याचा हिशोब तुम्हीच करा.

टाकीवर धातूची एक पट्टी असते. तिच्यावर, टाकी जास्तीत जास्त किती दाब सोसेल, तो आकडा कोरलेला असतो. टाकीजवळ काट्याचे घड्याळ असते. त्यात या घटकेला दाब किती आहे ते कळते. घासणीच्या अंगावर किंवा तिच्या माहितीपत्रकात, तिला किती दाब चालतो ते लिहिलेले असते. हे तीन आकडे ज्याला वाचता आले, त्याने निम्मी लढाई जिंकली. हे आकडे इंग्रजी असतात. म्हणून आपल्या वर्गात आपण मराठी आकडे शिकलो, तसे इंग्रजी आकडेही शिकून घ्यावेत.

इथे एक खुबी लक्षात ठेवा. काही घड्याळांवर 'पी.एस.आय.' असे लिहिलेले असते. तेच आपले पौंड. काहींवर 'बार' असे लिहिलेले असते. ९० पौंड म्हणजे सुमारे ६.२ बार. १० बार म्हणजे १४५ पौंड! एखाद्याने बारच्या घड्याळात १० आकडा पाहिला आणि "दहाच तर आहेत" म्हटले, तर केवढा घात होईल? शेर आणि मण यांत जशी चूक, तशीच ही चूक. म्हणून आकडा वाचा आणि आकड्याशेजारचे अक्षरही वाचा.

टाकीवर एक सेफ्टी वॉल्व असतो. घरात कुकरची शिट्टी असते ना, तेच त्याचे काम. दाब फार वाढला की तो उघडतो आणि हवा सोडून देतो. कुणी कुणी हवा वाया जाते म्हणून तो बांधून ठेवतात, किंवा त्याचे तोंड बंद करतात. हे कधीही करू नये. शिट्टी बांधलेला कुकर चुलीवर ठेवून कोणी शेजारी बसेल काय?

टाकी आतून गंजते. वरून रंग चांगला दिसतो, पण आत पत्रा पातळ झालेला असतो. गंजून भोक पडलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावून पुन्हा हवा भरू नये. ती टाकी बाद समजावी. टाकीची तपासणी ठराविक मुदतीने जाणकाराकडून करून घ्यावी. पंपाच्या पट्ट्यावर जाळी असते, तीही काढू नये. धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, मफलर पट्ट्यात गेला तर माणूस ओढला जातो.

३. हवेशी थट्टा नको

काम संपले की पुष्कळजण हवेच्या नळीने अंगावरची धूळ उडवतात. दिसायला ते सोपे दिसते. पण दाबलेली हवा ही साधी फुंकर नव्हे. ती डोळ्याचे बुबुळ फाडते. कानाचा पडदा फाडते. कातडीला जखम असेल तर तिच्यातून हवा आत शिरते. रक्तात हवेचा बुडबुडा गेला तर माणूस दगावू शकतो. अंगावरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. जमीन झाडताना आधी पाणी शिंपडावे.

आणि एक गोष्ट जड मनाने सांगावी लागते. काही ठिकाणी पोरे गंमत म्हणून एकमेकांच्या अंगात हवा सोडतात. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत अशा थट्टेने एका सोळा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. हवा पोटात गेली की आतडी फुटू शकतात. मग डॉक्टरांनाही जीव वाचवणे कठीण होते. म्हणून आपल्या मुलांना घरीच बजावून सांगा. नळी कुणाच्याही अंगाकडे धरायची नाही, मग ती गंमत असो की राग असो.

नळी तुटली किंवा सुटली तर ती सापासारखी फटके मारते. जोडावर लोखंडी तार पिळून भागवू नये. बरोबर मापाची पकड वापरावी. नळी ट्रकच्या चाकाखाली येऊ देऊ नये. नळीला चीर दिसली, फुगा दिसला, तर ती बदलावी. पॉलिश पेपर बदलायचा असेल तर आधी हवा बंद करावी आणि नळी काढावी. चालू नळीवर पेपर बदलताना खटका दाबला गेला, तर तबकडी बोटांवर फिरते.

४. खरा वैरी धूळ

नळीचा फटका बसला तर लगेच कळते. धुळीचे तसे नाही. ती दहा-वीस वर्षांनी कळते.

एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. घासताना जी मोठी धूळ डोळ्यांना दिसते, ती नाकात अडकते. शेंबडावाटे, बेडक्यावाटे ती बाहेर पडते. पण ५ मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही. ती थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि पुष्कळशी तिथेच राहते.

धूळ कशाची आहे तेही पाहावे लागते.

दगडाची धूळ सर्वांत वाईट. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा अंश असतो. कारखान्यात बनवलेल्या 'क्वार्ट्झ'च्या फरशीत तो फारच जास्त असतो. ही धूळ फुप्फुसाला आतून घट्टे पाडते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो एकदा झाला की बरा होत नाही.

आपल्या नंदुरबारपलीकडे, नर्मदेच्या पैलतीरी, अलीराजपूर आणि झाबुआ हे जिल्हे आहेत. तिथले भिल्ल-भिलाला बांधव पोटासाठी गुजरातेत गोध्रा, बालासिनोर भागात गारगोटी दळण्याच्या गिरण्यांत गेले. थोड्याच वर्षांत धापा टाकत परत आले. तरणीताठी माणसे गेली. प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. मे २०१६ मध्ये न्यायालयाने, मरण पावलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. पैसे मिळाले तरी माणूस परत येत नाही.

जगातही हेच घडले आहे. इंग्लंडात ओतीव लोखंड साफ करायला वाळूचा फवारा मारीत. कामगार मरू लागले, तेव्हा तिथे १९४९ साली नियम करून त्यासाठी वाळू वापरण्यास बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ओट्याच्या बनावट दगडाची धूळ गिळून तरुण कारागीर आजारी पडले. तिथे १ जुलै २०२४ पासून तो दगडच बंद केला.

लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. तिने दमा होतो, अंगावर पुरळ उठते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगाचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. तिने १९९५ साली लाकडाच्या धुळीला आणि १९९७ साली गारगोटीच्या धुळीला कर्करोगाचे कारण ठरवले.

जुन्या रंगात शिसे असते. जुन्या ट्रकचा पिवळा, नारिंगी रंग घासताना शिसे धुळीत येते. ते पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. आपल्या सरकारने २०१६ साली घरगुती रंगांसाठी नियम केला. त्याप्रमाणे नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. पण त्याआधीचा रंग दारांवर, खिडक्यांवर अजून आहेच. आणि हा नियम घरगुती रंगांपुरता आहे, गाड्यांच्या रंगाला तो लागू नाही.

५. धुळीवर उपाय

पहिला उपाय, धूळ उडूच देऊ नये. जिथे पाणी मारून घासता येते तिथे पाणी मारावे. दगड तर कोरडा घासूच नये. लांबी किंवा लाकूड घासायचे असेल तर धूळ ओढणारी पिशवी किंवा यंत्र जोडलेली घासणी घ्यावी. अशा घासणीच्या तबकडीला भोके असतात. पेपरची भोके त्या भोकांवर नीट बसवावीत. भोकात भोक बसले नाही तर धूळ ओढली जात नाही.

दुसरा उपाय, वारा. बंद खोलीत घासू नये. वारा पाठीकडून समोर जाईल असे उभे राहावे.

तिसरा उपाय, तोंडावरचा मास्क. उपरणे, रुमाल, पदर यांनी बारीक धूळ अडत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत 'एन-९५' मास्क सर्वांनी पाहिला. त्या जातीचा मास्क बारीक धुळीचे शंभरातले ९५ कण अडवतो. पण तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. नाकावरची पट्टी दाबावी. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते. मास्क ओला झाला, मळला, श्वास जड होऊ लागला की बदलावा.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आपल्या खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो. त्यात मास्क कोण घालणार?" खरे आहे. मग घासण्याचे काम सकाळी लवकर उरकावे. दुपारी दुसरे काम करावे. थोड्या थोड्या वेळाने धुळीपासून दूर जाऊन मास्क काढावा, पाणी प्यावे. पण धुळीत उभे राहून मास्क गळ्यात लटकवू नये.

हात-तोंड धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नये. विडी-तंबाखूला हात लावू नये. कामाचे कपडे कामावरच बदलावेत. बाप धुळीच्या कपड्यांनी घरी येतो आणि पोर त्याच्या अंगावर उडी मारते. ती धूळ पोराच्या पोटात जाते. धुळीचे कपडे घरी झटकू नयेत. ते आधी पाण्यात भिजवावेत. हे माऊलींनी विशेष लक्षात ठेवावे, कारण कपडे झटकण्याचे काम बहुतेक त्यांच्याच वाट्याला येते.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, चालताना दम लागू लागला, तर दवाखान्यात जावे. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे डॉक्टरांना आधी आपला धंदा सांगावा. "मी इतकी वर्षे घासण्याचे काम करतो" असे स्पष्ट म्हणावे. कारण सिलिकोसिस हा पुष्कळदा क्षयासारखा दिसतो, आणि तो झालेल्याला क्षयही लवकर जडतो. इटलीत रामाझिनी नावाचे एक वैद्य होते. त्यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असे त्यांनी सांगून ठेवले. डॉक्टर विचारायला विसरले, तर आपण सांगावे.

६. हात आणि कान

घासणी सारखी थरथरते. वर्षानुवर्षे ती थरथर हातात गेली की बोटांतला रक्ताचा ओघ कमी होतो. थंडीत बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. अमेरिकेत बेडफर्ड नावाच्या गावी दगड फोडणारे कारागीर हवेची हत्यारे वापरीत. १९१८ साली अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी त्यांच्या बोटांची तपासणी करून हा रोग जगापुढे मांडला. घासणीची थरथर दगडाच्या छिन्नीहून कमी असते, पण असतेच. म्हणून मुठीत आवळून धरू नये. मधून मधून हात मोकळे करावेत. दोन गड्यांनी पाळीपाळीने काम करावे. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आखडतात, तीही टाळावी.

आवाजाची परीक्षा सोपी आहे. दोन हातांवरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज कानाला घातक आहे असे समजावे. कानात बोळे किंवा कानावर झाकणे घालावीत. डोळ्यांवर चष्मा घालावा. गेलेली ऐकू येण्याची शक्ती परत येत नाही.

७. घासणीची निगा

बैलाला वैरण-पाणी वेळेवर दिले तर तो नांगर ओढतो. घासणीचेही तसेच आहे.

रोज पाणी काढा. हवा दाबली की तिच्यातली वाफ थंड होऊन टाकीच्या तळाशी पाणी होते. पावसाळ्यात फारच होते. कॉम्प्रेसर बंद करून, दाब उतरवून, टाकीखालची चावी हळू उघडावी आणि पाणी सोडून द्यावे. नळीच्या वाटेवर फिल्टरची वाटी असेल तर तीही रिकामी करावी.

पाणी काढले नाही तर काय होते? ते हवेबरोबर घासणीत जाते. पाती खाचांत अडकतात. घासणी मंदावते. मग गडी म्हणतो, "दाब वाढवा." दाब वाढवला की अडकलेली पाती एकदम सुटतात आणि तबकडी मर्यादेबाहेर फिरते. कधी कधी ती फुटून उडते. पाहा, दोन मिनिटांचा आळस कुठे नेतो!

रोज तेल द्या. काम सुरू करण्याआधी हवा जोडायच्या तोंडातून दोन-चार थेंब तेल सोडावे आणि काही क्षण मोकळी चालवावी. संध्याकाळी ठेवतानाही तसेच करावे. तेल हवेच्या हत्यारांसाठी मिळते तेच, पातळ. गाडीचे जुने तेल किंवा खोबरेल घालू नये, पाती चिकटतात. काही घासण्यांना तेल लागत नाही. म्हणून माहितीपत्रक वाचावे. तेल दिल्यावर घासणी पुसून घ्यावी, नाहीतर रंगाच्या कामावर डाग पडतो.

दाबू नका. घासणीचे स्वतःचे वजनच पुरते. जोराने दाबले तर तबकडी अडते, पेपर तापतो, काम खराब होते. घासणी कामावर टेकवून मग सुरू करावी. पूर्ण थांबल्यावरच खाली ठेवावी. चीर पडलेली तबकडी फेकून द्यावी.

आणखी एक. थिनर, रंग यांचे डबे उघडे ठेवून पत्रा घासू नये. पत्र्याला घासल्यावर ठिणगी पडू शकते. लाकडाच्या भुशाचे ढीग साचू देऊ नयेत. शेजारी विडी ओढू नये.

८. "काही व्हत नही"

आपल्या अहिराणीत एक बोल फार चालतो. "काही व्हत नही." मास्क घाल म्हटले की, "काही व्हत नही." टाकीतले पाणी काढ म्हटले की, "काही व्हत नही." ज्याला उक्ते काम मिळते त्याला वेळ म्हणजे पैसा. मास्क घालण्यात, पाणी मारण्यात वेळ जातो, मजुरी बुडते. ही अडचण खोटी नाही. आम्ही ती जाणतो.

पण हिशोब पुरता मांडा. आज पाच-दहा मिनिटे वाचली. उद्या चाळिशीत दम लागून घरी बसावे लागले, तर किती वर्षांची मजुरी गेली? घरचे बैल विकून औषध करावे लागले, तर काय वाचवले?

आणि हे ओझे एकट्या मजुराने वाहायचे नाही. कामाची जागा निर्धोक ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तसे लिहिले होते. २०२० साली संसदेने केलेल्या नव्या संहितेतही तसेच लिहिले आहे. मालकाशी भांडण करायला आम्ही सांगत नाही. चार जणांनी मिळून, नम्रपणे, पण स्पष्ट मागावे. "शेठ, मास्क द्या. नळी बदला. टाकी तपासून घ्या." शहाणा मालक ऐकतो. कारण टाकी फुटली तर ती मालक आणि मजूर असा भेद करीत नाही.

तुम्ही अक्षर शिकलात. आकडा शिकलात. आता ती विद्या पोथीपुरती ठेवू नका. उद्या कामावर गेलात की पुढच्या प्रश्नांची उत्तरे शोधा आणि वहीत लिहून आणा.

१. आमच्या टाकीच्या पट्टीवर जास्तीत जास्त दाब किती लिहिला आहे? पौंडात की बारमध्ये?
२. आमच्या घासणीला किती दाब चालतो? घड्याळाचा काटा त्याच्यावर जातो काय?
३. टाकीतले पाणी शेवटचे कोणी आणि कधी काढले?
४. सेफ्टी वॉल्व मोकळा आहे काय?
५. आम्ही जे घासतो त्यात दगड आहे, लाकूड आहे की जुना रंग?

ज्यांची मुले कामावर आहेत त्यांनी हेच प्रश्न मुलांना विचारावेत. पुढच्या बैठकीत आपण सर्वांच्या वह्या एकत्र वाचू.